त्या एप्रिलविषयी थोडेसे
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सचिवांनी मला ‘सोसायटीच्या आठवणी’ असा विषय दिलाय. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला आणि आपली सोसायटी त्यानंतर थोड्याच दिवसांत. पहिली बोअरवेल, पहिला गणपती, पार्किंगवरून झालेली भांडणं, यावर बोलायला बाकीची मंडळी आहेत आणि ती रंगवून सांगतील. मी फक्त २०२१ बद्दल बोलणार. आनंदाच्या दिवशी हे कशाला, असं कुणाला वाटेल. पण स्मरणिकेत ते एकच वर्ष गाळलेलं मला पटेना.

मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं आणि मुलांना घेऊन नागझिऱ्याला कितीदा गेले याची मोजदाद नाही. चोरखमारा गेटातून आत शिरलं की सगळ्यात दंगेखोर वर्गसुद्धा कुजबुजत बोलायचा. १९७० पासूनचं ते अभयारण्य, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. आपल्याकडे पाहुणे आले की आपण तिथंच नेतो, दुसरं दाखवायला आहे काय!

८ एप्रिल २०२१ ला त्या जंगलात आग लागली. वन विभागाची माणसं आणि हंगामी मजूर दिवसभर झटले. आग आटोक्यात येतेय असं वाटत असतानाच वारा सुटला, ज्वाळा उलटल्या आणि तीन मजूर त्यात सापडले. तिघेही गेले. दोघं गंभीर भाजले. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या रोजंदारीवर ठेवलेली ही माणसं. पाठीवर पाला उडवायचं ब्लोअर नाहीतर हातात हिरव्या फांद्या, एवढ्यावर ती आगीसमोर उभी राहतात.

शहरात लगेच सुरू झालं, ‘हे मोहावाले आग लावतात.’ मोहाची फुलं पहाटे गळतात, वाळलेल्या पाल्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग कधी पसरते, हे खरंच आहे. तेंदूपत्त्याला नवी पालवी चांगली यावी म्हणूनही जाळतात. पण चार पायल्या मोहफुलांवर जिचं घर दोन महिने चालतं, त्या बाईला झाडाखाली बांधायला जाळी दिली तर ती काडी कशाला ओढेल? शिव्या देणं सोपं असतं, एवढंच म्हणते.

त्याच आठवड्यात आपल्या बिल्डिंगमध्ये कोरोना शिरला. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध लागले. १६ तारखेला ह्यांना ताप आला. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, हे नऊ वर्षं सोसायटीचे खजिनदार होते. तापातसुद्धा मार्चअखेरचा जमाखर्च जुळवत बसले होते. सतरा रुपयांचा फरक येत होता.

पुढचे आठ दिवस मी पुन्हा सांगत नाही. खाटेसाठी फोन, ऑक्सिजनसाठी फोन, इंजेक्शनसाठी फोन. इथल्या पुष्कळ घरांनी तेच केलं. मुलगा पुण्यात अडकलेला. २४ तारखेला हे गेले. तोंड बघायला मिळालं नाही, तेरवी झाली नाही.

आमच्या जिन्यात तेव्हा दोरी बांधली होती. कुणी बांधली ते मला माहीत आहे आणि मी नाव घेणार नाही, कारण त्याच घरातून चौथ्या दिवसापासून दोरीपलीकडे डबा यायला लागला. वरण-भात, वर लिंबाची फोड. दोरीही त्यांची, डबाही त्यांचाच. भीती काय असते ते त्या वर्षी कळलं, म्हणून माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही.

मलाही आजार झालाच होता. तापातून उठले, पण दोन मजले चढताना तीनदा बसावं लागे, आणि हे चार-पाच महिने चाललं. रात्री झोप नाही. सगळे म्हणत, ‘आता बरं आहे ना?’ मी ‘हो’ म्हणायची. आपल्या चौकीदार भाऊंचा मुलगा त्या मोसमात जंगलात आगीच्या कामावर होता, आगीच्या दिवशी दुसऱ्या बीटवर होता म्हणून वाचला. भाऊंनी एकदा विचारलं तसंच, मी ‘बरं आहे’ म्हटलं. तर म्हणाले, ‘बाई, आग वरून इझते, पर खुंटात रायते. पोरगा दोन-दोन दिवस तिथंच बसून रायते.’ त्यानंतर ते रोज संध्याकाळी मोटर बंद करून वर यायचे, दारातूनच हाक मारायचे, मी ‘ओ’ दिली की खाली जायचे. पावसाळाभर. त्यांना हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी सर्वसाधारण सभेने नऊ घरांच्या थकबाकीवरचं व्याज माफ केलं. कागदावर ती एका ओळीची नोंद आहे, पण त्यातली दोन घरं त्यामुळे इथं टिकली. आणि ते सतरा रुपये आपल्या नव्या खजिनदारांनी शोधून काढले. टाकी धुण्याची पावती दोनदा चढली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट रडले.

आता माझ्या दोन मागण्या. पहिली, मागच्या अंगणात वाळका पाला पेटवतात तो बंद करा. दम्याचे पेशंट आहेत, माझंही छाती भरून येतं. कोपऱ्यात खड्डा करा, खत होईल, खड्डा खणण्याचा खर्च मी देते. दुसरी, एकट्या राहणाऱ्या सहा जणांची यादी ऑफिसात लागू दे. दुसरी किल्ली कुणाकडे, औषध कुठलं, मुलांचा नंबर काय. गेल्या वर्षी ठराव झाला, यादी अजून झालेली नाही. सचिव हसताहेत, म्हणजे त्यांनाही माहीत आहे.

माझी किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे असते. पहिली नोंद माझीच करा.