थंडाव्याचे काम शिकणारी आपली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने यंत्राविषयी काय बोलावे, असे कुणाला वाटेल. पण आपली मुले आता फ्रिज, एसी आणि बर्फाच्या कारखान्याचे काम शिकावयास जातात. तेव्हा त्यांच्या आयांनी थोडे जाणून घेतलेच पाहिजे.

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत मासेमारीच्या होड्या बर्फ भरून समुद्रात जातात. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वायूच्या साह्याने मिठाचे पाणी शून्याखाली थंड करतात व त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवून लाद्या गोठवतात. हा वायू गळला तर डोळे आणि छाती पोळते. घरच्या कित्येक नव्या फ्रिजमधला वायू तर पेट घेणारा असतो. शिवाय आपला खारा वारा एसीच्या बाहेरच्या यंत्राची जाळी खातो, त्यामुळे दुरुस्तीच्या कामाला इकडे तोटा नाही.

हे काम नुसत्या पुस्तकाने येत नाही. तांब्याची नळी झाळणे, साबणाच्या फेसाने गळती शोधणे, गॅस भरण्यापूर्वी आतली हवा व ओल पंपाने ओढून काढणे, हे जाणत्या मिस्त्रीशेजारी उभे राहूनच हातात बसते.

माझा मुलगा प्रथम एका दुकानात राहिला. आठ महिने त्याने शिडी वाहिली, जिन्यावरून यंत्रे चढवली. हातात ना विद्या आली ना कागद. पुढे दुसरीकडे रीतसर करार झाला. तेथील मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी शिकवले, आधी वीज बंद कर, टेस्टर लावून पाहा, मग हात घाल.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 साली झाला. त्याप्रमाणे करार लेखी होतो व त्याची सरकारदरबारी नोंद होते. दरमहा विद्यावेतन मिळते. शिकताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. मुदत संपून परीक्षा उतरल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते.

म्हणून मुलाला कामावर धाडताना विचारा: कराराची नोंद झाली काय? शिकवणारा कोण? हातमोजे, चष्मा आणि उंचावर कमरेला पट्टा देतात काय? आणि रोज रात्री ताट वाढताना विचारा, “आज नवीन काय शिकलास?” चार-आठ दिवस उत्तर मिळाले नाही, तर चौकशीला स्वतः जा.

मुलींनाही हे काम शिकता येते, हेही ध्यानात असू द्या.