टेलचं पाणी आणि पुढाऱ्याची मुलाखत

राहुरी तालुक्यात पुढाऱ्याची मुलाखत घ्यायची म्हटली, की मुळा धरणाचा विषय निघणारच. 26 टीएमसीचं हे धरण. राहुरीचा ऊस त्याच्यावर, आणि उजव्या कालव्यावर नेवासा, शेवगाव, पाथर्डीपर्यंतची शेतं. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की पुढारी सांगतात, "टेलपर्यंत पाणी पोचवलं." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. वार्ताहर पुढाऱ्याचं बोलणं तसंच लिहून घेतो आणि सकाळी फोटोसकट छापून येतं. टेलच्या शेतकऱ्याला मात्र कुणी काही विचारलेलं नसतं.

मुलाखतीतला प्रामाणिकपणा पुढाऱ्यासमोर बसण्याआधीच ठरतो, असं मला वाटतं. आधी टेलला जावं. शेताकडे पाणी नेणारी चारी कोरडी दिसली तर तारीख वहीत टिपावी. त्या दिवशी कालव्यात किती क्युसेकने पाणी सुरू होतं, ते जलसंपदा विभागाकडून घ्यावं. एवढं हाताशी असलं की आवाज चढवावा लागत नाही. "साहेब, अमुक तारखेला शेवटच्या दोन चाऱ्या कोरड्या होत्या, ते कसं काय?" एवढं पुरे. उत्तर टाळलं तर पुन्हा विचारावं, आणि तरीही टाळलं तर टाळलं असं छापावं. पण त्यांनी कारण दिलं आणि ते खरं निघालं, तर तेही पूर्ण छापलं पाहिजे. त्यातलं सोयीचं एक वाक्य उचलून मथळा करणं ही वाचकाची फसवणूक आहे.

2023 साली पैठणच्या जायकवाडी धरणासाठी नगर-नाशिकच्या धरणांतून 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. त्यात मुळेचा वाटा 2.1 टीएमसी होता. अशा वेळी इथल्या नेत्याला विचारायलाच हवं, की हे पाणी सोडण्याबद्दल तुमच्या पक्षाचे लोक पैठणमध्येही तुमच्यासारखंच बोलतात का?

हे विचारणं जड का जातं? तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा जाहिरातीही गोळा करतो. ज्यांना प्रश्न विचारायचा, त्यांच्याच वाढदिवसाच्या पुरवणीवर त्याचं कमिशन असतं. सकाळी जाहिरात मागायची आणि दुपारी कोरड्या चारीचं विचारायचं, हे फार थोड्यांना जमतं. यात मी वार्ताहराला कमी दोष देतो. तुटपुंज्या मानधनावर ठेवून वर जाहिरातींचं टार्गेट देणाऱ्या मालकांना जास्त. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याच्या कौतुकाचा तोच मजकूर निरनिराळ्या मोठ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो शेजारी-शेजारी ठेवून दाखवला. तेव्हा जाहिरात आणि बातमी मिसळण्याचं हे दुखणं तालुक्यापुरतं नाही.

आणि राहुरीत हे बोलताना रोहिदास दातीर यांचं नाव घेतलंच पाहिजे. पत्रकार आणि माहिती अधिकार कार्यकर्ते असलेल्या दातीर यांचं 6 एप्रिल 2021 रोजी इथून भरदिवसा अपहरण झालं आणि त्यांचा खून झाला. पत्रकारांवरच्या हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला कायदा विधिमंडळाने 2017 मध्येच मंजूर केला होता, तरीही हे घडलं. शहरात बसून तालुक्याच्या वार्ताहराला निर्भीडपणा शिकवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्याचं घर त्याच गावात असतं, आणि प्रश्न विचारून झाल्यावर त्याला तिथंच राहायचं असतं.

म्हणून माझी मागणी संपादकांकडे आहे. निदान निवडणुकीच्या काळात तरी वार्ताहराकडून जाहिरातीचं काम काढून घ्या. अडचणीचा प्रश्न विचारल्यावर पुढाऱ्याचा फोन आला, तर तो तुम्ही घ्या. आणि मुलाखतीआधी टेलला जाऊन यायला त्याला पेट्रोलचे पैसे द्या.