विचारल्याशिवाय स्वराज्य नाही
(भाईंदर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी गोव्याविषयी बोलणार आहे. भाईंदरच्या बैठकीत गोवा कशाला, असे काहींना वाटेल. कारणे दोन आहेत. पहिले असे, की गोव्यावर ज्या पोर्तुगीजाने राज्य केले त्यानेच इथेही केले. १७३९ साली मराठ्यांनी उत्तनजवळचा धारावीचा किल्ला घेतला, त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली आणि इथला पोर्तुगीज गेला. गोव्यातून तो जायला १९६१ साल उजाडले. मध्ये २२२ वर्षे गेली. दुसरे कारण असे, की पोर्तुगीज गेल्यावर गोव्याच्या माणसापुढे जो प्रश्न उभा राहिला तो आज आपल्यापुढेही आहे. बाहेरचा गेला हे खरे, पण आता निर्णय कोण घेणार?

एक मुलूख, दोन बाजू

गोवा तसा लहान मुलूख, पण तो दोन वेळा जिंकला गेला. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकात गेले. तिथे धर्मांतरे झाली, ख्रिस्ती वस्ती मोठी झाली. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडे हा भाग अठराव्या शतकात गेला. तिथे देवळे राहिली, कीर्तन राहिले, मराठी शाळा राहिल्या. घरात दोघेही बोलत कोंकणीच. पण ख्रिस्ती माणूस ती रोमी लिपीत लिही आणि हिंदू माणूस लिहायला बसला की मराठी लिही. पोर्तुगीज सरकारने तर १६८४ साली कोंकणी बोलण्यावरच बंदीचा हुकूम काढला होता.

या दोन बाजूंत एक गोष्ट मात्र सारखी होती. जमीन भाटकाराची. भाटकार म्हणजे जमीनदार. कसणारा तो कूळ, आणि भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकार हिंदूही होते, ख्रिस्तीही होते. कुळे आणि मुंडकारही दोन्ही धर्मांचे. मुंडकाराला रात्री झोपताना उद्या हे छप्पर आपले असेल की नाही याची खात्री नसे. सभा भरत त्या भाषेच्या. पोटाचा प्रश्न होता जमिनीचा. हे ज्याला कळले नाही त्याला गोवा कळला नाही.

दोन्ही भीती खऱ्या

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज झेंडा उतरला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, पहिली खरी निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाची मागणी, गोवा महाराष्ट्रात विलीन करा. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोअन्स पक्ष. त्याची मागणी, गोवा वेगळा ठेवा.

आपण महाराष्ट्रातली माणसे चटकन म्हणतो, विलीनीकरण मागणारे बरोबर आणि दुसरे फुटीर. तसे नव्हते. बहुजन समाजाच्या कुळाला वाटे, महाराष्ट्रात गेलो तर मराठी शाळा मिळेल, कूळकायदा मिळेल, भाटकाराच्या तावडीतून सुटू. त्याची भीती खरी होती. दुसऱ्याला वाटे, एवढ्या मोठ्या राज्यात आपण एक जिल्हा होऊ, साहेब मुंबईहून येतील, आपली भाषा बोली म्हणून अडगळीत जाईल. त्याचीही भीती खरी होती. एकाला भाटकाराची धास्ती, दुसऱ्याला मंत्रालयाची.

विधानसभेत बहुमत मिळाले म्हणजे विलीनीकरणाला कौल मिळाला, असे म्हणणारे पुष्कळ होते. पण सरकार निवडणे वेगळे आणि घर कुठे बांधायचे हे ठरवणे वेगळे. शेवटी संसदेने १९६६ साली कायदा केला, की या एकाच प्रश्नावर लोकांना विचारायचे. सरकारी यंत्रणा एका बाजूला झुकू नये म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ मतदानाआधी बाजूला झाले. हा भाग लक्षात ठेवा. विचारणाऱ्याने आधी खुर्ची सोडली.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाला फूल, वेगळेपणाला दोन पाने अशी चिन्हे होती. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही प्रश्न कळला. फुलाला मते पडली १,३८,१७०. दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१. गोव्यात ख्रिस्ती निम्म्यापेक्षा कमी. म्हणजे हजारो हिंदूंनीही दोन पानांवर शिक्का मारला. विलीनीकरणाविरुद्ध जोरात लढणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीत निघत होते! मराठीवर प्रेम असणे एक, मुंबईचे राज्य मागणे दुसरे, हा फरक गोव्याच्या माणसाला कळत होता.

पुढची गंमत ऐका. दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि तीच माणसे पुन्हा निवडून आली. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. पंडितांना हे कोडे वाटले. मला यात कोडे दिसत नाही. मतदाराने सांगितले, घर इथेच राहील आणि घरात कारभार कुळांच्या पक्षाने करावा. दोन प्रश्न वेगवेगळे विचारले, दोन उत्तरे मिळाली.

कौल मिळाला म्हणजे काम संपले नाही

जमिनीचे काम पुढे चालले. १९६४ साली कूळकायदा झाला होता, १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला. १९७६ साली शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना कूळकायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला मालकी देण्यात आली. महाराष्ट्रात न जाता हे झाले.

भाषेचे भांडण मात्र वीस वर्षे धुमसले. १९८६ च्या डिसेंबरात दंगली झाल्या, माणसे मेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही कायद्यात जागा ठेवली. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. झेंडा उतरल्यापासून राज्य हाती यायला पंचवीस वर्षे लागली. हरलेल्याला जागा ठेवली म्हणूनच ते टिकले. सगळे मिटले असे नव्हे. रोमी लिपीवाले आजही आपली जागा मागतात.

एक काम अर्धेच राहिले. गोव्याची जुनी गावकरी संस्था पोर्तुगीजांच्याही आधीची. १५२६ साली पोर्तुगीजांनी तिचे नियम लिहून घेतले. तिच्यात बायकांना आणि कुळांना स्थान नव्हते, तेव्हा तिचे गोडवे गाऊ नका. पण खाडीकाठच्या खाजन जमिनींचे बांध आणि पाण्याच्या मानशी गावच राखत असे. कूळ मालक झाले, पण बांध गावाने मिळून कसा राखायचा ही घडी नीट बसली नाही. पुष्कळ ठिकाणी बांध फुटले, खारे पाणी शिरले, भातशेती गेली. राज्य पणजीपर्यंत आले, बांधापर्यंत आले नाही.

आता आपल्या बांधावर या

खारजमीन म्हणजे काय हे राई, मुर्धे, मोर्वे, उत्तन, डोंगरीच्या माणसाला सांगायला नको. इथे मराठी हिंदू आहे, मराठी ख्रिस्ती आहे, आगरी आहे, कोळी आहे आणि बाहेरून आलेले लाखो लोक आहेत. ग्रामपंचायती जाऊन १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. गाव शहरात गेले, ग्रामसभा संपली. मेट्रोची कारशेड आधी राई-मुर्ध्याला आखली, लोक उठले तेव्हा डोंगरीकडे नेली. दोन्ही वेळा गावाला आधी विचारायला ग्रामसभाच नव्हती. २०२२ साली पालिकेची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. हे पोर्तुगीजाने केलेले नाही.

आपल्यालाही भांडायला भाषा आहे, धर्म आहे, जुना-नवा वाद आहे. त्यात गुंतलो की जमिनीचा कागद कोणाच्या टेबलावर सरकतो ते दिसत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. गावाच्या जमिनीचा निर्णय घेण्यापूर्वी गावाला विचारा. प्रश्न एकच ठेवा आणि तो फूल-पानासारखा सोपा ठेवा. ज्याचा त्यात फायदा आहे त्याने मोजणीच्या टेबलापासून दूर राहावे. जो कौल येईल तो मानावा, आणि जो हरेल त्याची जागा लिहून राखावी. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपला एक प्रश्न एका ओळीत लिहून आणावा. आपल्याला काय विचारायला हवे होते ते आधी आपणच लिहून काढू.