स्वागताध्यक्षीय भाषण : काठावरच्यांच्या पदरात काय?



सायखेडा आणि पंचक्रोशीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो. किनारी पर्यटनाची परिषद समुद्रापासून इतक्या लांब, निफाड तालुक्यात कशी, असं निमंत्रणं गेल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर गावाला लागूनच वाहतंय. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदामाई १,४६५ किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे आणि तेही पाहायला लोक येतात. किनाऱ्याचं आरोग्य वरच्या गावांपासून सुरू होतं, म्हणून ही चर्चा इथं व्हावी असं आम्हाला वाटलं.

पावसाळ्यात आमच्या पुलावर उभं राहिलात तर मला काय म्हणायचंय ते लगेच दिसेल. वरून पाणवेली वाहत येतात, पुलाला अडकतात, त्यांच्यामागं पाणी तुंबतं आणि मग यंत्रं लावून त्या काढाव्या लागतात. ही पाणवेल सांडपाण्यावर पोसते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी सायखेडा-चांदोरीच्या घरादुकानांत शिरलं, तेव्हा इथल्या माणसांनी गाळ उपसला आणि पुन्हा बाजारपेठ उभी केली. पाण्याच्या काठावर राहण्याची किंमत त्यांना कुणी शिकवायला नको. समुद्राकाठी किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांवर जो वाद चालतो, तोच नदीकाठी निळ्या आणि लाल पूररेषेवर चालतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत वरच्या अंगाला जे काही होईल, त्याचा परिणाम आधी आमच्या घाटावर दिसेल.

याच गोदावरीनं आम्हाला नांदूर मध्यमेश्वरही दिलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. मागं गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली आणि पक्षी उतरू लागले. डॉ. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक दिसतात; वर दलदल ससाण्यानं एक घिरटी घातली की सगळा थवा एकदम पाण्यावरून उठतो. हे पाहायला गाड्या भरून लोक येतात. प्रश्न इतकाच, की त्या गाड्या परत गेल्यावर चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडीच्या घरांत काय उरतं? ज्याच्या उभ्या पिकात पक्षी उतरतात, त्या शेतकऱ्याचा या पर्यटनात वाटा किती?

याचं उत्तर कोकणानं काही ठिकाणी दिलंय. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पूर्वी कासवांची अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली, पुढं कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, गावातल्याच हातचं जेवतात. पिल्लू समुद्रात गेलं तर घरात चार पैसे येतात, हे तिथल्या बाईमाणसालाही ठाऊक आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत खारफुटी दाखवतात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तिथं कोट्यवधींच्या योजना आल्या असतील, पण मला विचाराल तर या बायकांची होडी अधिक मोलाची आहे.

आपल्या पर्यटनशास्त्रात स्थळाची स्पर्धाक्षमता मोजतात. रिची आणि क्राउच यांनी २००३ च्या ग्रंथात ती मांडताना पर्यटकांच्या खर्चाबरोबर रहिवाशांचं कल्याण आणि पुढच्या पिढीसाठी निसर्गाची जपणूकही धरली होती. आपल्याकडं मात्र पर्यटकांचा आकडा तेवढा छापून येतो. किती पर्यटक आले, याची बातमी होते. विहिरीचं पाणी किती खाली गेलं, कचरा कुणी उचलला, याची होत नाही. बटलर यांनी १९८० मध्येच दाखवून दिलं, की स्थळ भरभराटीला येतं आणि मर्यादा ओलांडली की उतरणीलाही लागतं. ही मर्यादा कुठं, हे ठरवताना गावाला बसवून घ्या. ग्रामसभेत विचारलंत तर पाण्याचा हिशेब तुम्हाला कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा नेमका मिळेल.

म्हणून अभ्यासकांना माझी एक विनंती आहे. इथं वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधाचं दोन पानी मराठी टिपण करून द्या. ते नदीकाठच्या ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवायची जबाबदारी स्वागत समितीची. उद्या पहाटे चापडगावला जायचंय, बस साडेपाचला महाविद्यालयाच्या फाटकातून सुटेल. दुर्बीण असेल त्यांनी सोबत घ्यावी, उबदार कपडे सगळ्यांनीच घ्यावेत. जेवण गावातल्या बचत गटांनी रांधलंय. उद्घाटकांना विनंती करतो, की त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.