घरी बोलणारे, शाळेत मुके होणारे मूल
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय आम्हीच मागून घेतला. तीन वर्षांपूर्वी ह्याच व्यासपीठावर आमच्या नातीला श्लोक म्हणण्यास उभे केले होते. वय वर्षे पाच. घरी तिच्या जिभेला क्षणाचा विसावा नसे. येथे मात्र ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ, नजर खिळलेली. सभागृहातून ‘म्हण, म्हण, लाजू नकोस’ असे प्रेमळ आवाज आले आणि पोर अधिकच थिजली. परतताना आम्ही तिला हट्टी म्हटले. त्या शब्दाची आम्हांस आजही लाज वाटते.

पुढे शाळेतून निरोप आला, की सहा महिन्यांत मुलीने वर्गात एक अक्षरही उच्चारलेले नाही. लघुशंकेस जाण्याची परवानगी मागता येत नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे. पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येई, त्यावरून आमच्या सूनबाईंनी हे ओळखले. मग घरोघरी होते तेच झाले. दृष्ट काढली, वेखंड उगाळून चाटवले. एका अनुभवी डॉक्टरांनी ‘मोठी झाली की बोलेल’ असे आश्वासन दिले, आणि त्या आश्वासनावर एक अख्खे वर्ष गेले.

ह्या स्थितीस ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’, म्हणजे निवडक मूकता, म्हणतात. कुसमाउल नामक जर्मन वैद्याने १८७७ साली तिची नोंद केली, ती ‘स्वेच्छेची मूकता’ अशा अर्थाच्या नावाने. मूल जाणूनबुजून बोलत नाही, हा समज पुढेही पुष्कळ काळ टिकला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९९४ साली नाव बदलले आणि २०१३ साली तिची गणना चिंतेच्या विकारांत झाली. विद्वानांस जे उमगण्यास शतकाहून अधिक काळ लागला, ते आम्हां आजी-आजोबांस एका संध्याकाळी उमगले नाही, एवढीच आमची सबब. ह्या मुलांचे बोलणे भीतीने अडते. हट्टाचा त्यात संबंध नाही.

शाळेचा पहिला महिना सोडून द्यावा. नव्या जागी, नव्या भाषेत पुष्कळ मुले गप्प असतात. त्यानंतरही महिनाभर मौन टिकले, तर वाट पाहू नये. प्रथम श्रवण आणि वाचा तपासून घ्यावी. मुंबईत वांद्र्यास अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती सोय आहे. मग बालमानसतज्ज्ञ गाठावा. कोठे जावे हे न कळल्यास २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ ह्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. जाताना मुलाचे घरचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करून न्यावे, कारण डॉक्टरांपुढे ते तोंड उघडणार नाही.

आमच्या नातीवरील उपचारात औषधाची बाटली आली नाही, सापशिडी आली. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात सूनबाई आणि ती खेळत; फाशावरचे आकडे मोठ्याने मोजायचे, एवढाच नियम. प्रथम दार बंद. काही दिवसांनी दार उघडे, बाई बाहेर व्हरांड्यात. मग बाई दारात, मग खोलीच्या कोपऱ्यात वह्या तपासत, तिच्याकडे न पाहता. आवाज बसला, की एक पाऊल मागे. बाई पटावर येऊन बसल्या, तोवर दोन महिने लोटले होते. एके दिवशी त्यांनी फासा टाकला आणि नातीने हळूच ‘चार’ म्हटले. बाईंनी सोंगटी चार घरे पुढे नेली, दुसरे काही केले नाही. त्या माउलीचे आम्ही जन्माचे ऋणी आहोत. वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणण्यास मात्र आणखी एक सत्र लागले.

मंडळास एक विनंती. बक्षीस समारंभात मुलाने नाव सांगितल्यावाचून बक्षीस न देण्याची आपली प्रथा बंद व्हावी. तसा लेखी ठराव आम्ही चिटणिसांकडे दिला आहे.

आमची नात आज येथे आहे. ती कोणती, हे आम्ही दाखविणार नाही आणि आपणही शोधू नये. भोजनाच्या वेळी एखादे मूल बोलले नाही, तर वाढणाऱ्यांनी थांबून त्याची बोटे पाहावीत. दोन बोटे म्हणजे दोन जिलब्या.