खेळणाऱ्या मुलींच्या आरोग्याविषयी आपण काय जाणतो?

(न्यासाच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वर्षभरातील कार्याचा आढावा या अहवालात अन्यत्र आलेलाच आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी आज आपले लक्ष वैद्यकशास्त्रातील एका उणिवेकडे वेधू इच्छिते. ती उणीव जगभराची असली, तरी तिची झळ आपल्या नांदेड-लातूर भागातील मुलींना बसते.

पहाटे आपल्या गावांबाहेरच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावताना दिसतात. भरतीच्या शारीरिक चाचणीत त्यांना ८०० मीटर धावावे लागते. हेच अंतर १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया प्रथमच धावल्या. शर्यतीनंतर धावपटू कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या प्रसिद्ध झाल्या, आणि हे अंतर स्त्रीदेहाला झेपणारे नाही असे ठरवून शर्यत बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली थेट १९६० मध्ये. स्त्रियांच्या मॅरेथॉनला तर १९८४ ची वाट पाहावी लागली. या निर्णयामागे शास्त्रीय अभ्यासाचा आधार नव्हता. जेथे ज्ञान नसते तेथे त्याची जागा मनाई घेते, एवढाच बोध मी या इतिहासातून घेते.

आज मनाई उठली आहे. ज्ञानाची उणीव मात्र भरून निघालेली नाही. २०१४ ते २०२० या काळात क्रीडाविज्ञानाच्या सहा प्रमुख नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या ५,२६१ शोधनिबंधांची पाहणी २०२१ मध्ये प्रकाशित झाली. त्यांपैकी केवळ पुरुषांवर केलेले अभ्यास ३१ टक्के होते, तर केवळ स्त्रियांवर केलेले अवघे ६ टक्के. मासिक पाळीच्या चक्रामुळे निष्कर्षांत गुंतागुंत होते, म्हणून स्त्रियांना अभ्यासातून वगळण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. ज्या कारणासाठी अभ्यास व्हायला हवा होता, तेच कारण अभ्यास टाळण्यासाठी पुढे केले गेले.

याचे परिणाम आपल्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत पोहोचतात. नियमित सराव करणाऱ्या मुलीची पाळी तीन-चार महिने येत नाही, आणि चिंताग्रस्त आई तिला घेऊन येते. काही घरांत याउलट ‘व्यायामाने असे व्हायचेच’ म्हणून दुर्लक्ष केले जाते. वस्तुतः हा शरीराचा इशारा असू शकतो. श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडले की शरीर काटकसर करू लागते. पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटते आणि हाडे भक्कम होण्याच्या ऐन वयात ती ठिसूळ होऊ लागतात. पुढे नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेची व्यापक मांडणी केली आणि ती पुरुष खेळाडूंतही आढळते हे नमूद केले.

तथापि, हे ज्ञान मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील खेळाडूंच्या अभ्यासातून आलेले आहे. तेथे वजन घटविण्यासाठी हेतुतः कमी खाणे हे या अवस्थेचे एक ठळक कारण मानले जाते. आपल्याकडे कारण निराळे असू शकते. आपल्या शेजारच्या धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. त्या वेळी त्यांनी सांगितले होते, की जवळजवळ दहा वर्षे आपल्या घरी एका वेळचेच जेवण मिळत असे. शेतातले काम, पाणी भरणे आणि सर्वांच्या शेवटी जेवणे हे सारे सांभाळून मैदानावर उतरणाऱ्या मुलीला किती ऊर्जा शिल्लक राहते, याचे उत्तर परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

दुसरी बाब रक्तक्षयाची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यापूर्वीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी शेवटच्या फेरीत मागे पडते आणि ‘दम नाही’ असा शिक्का घेऊन घरी परतते. तिच्यात जिद्द कमी नसते. स्नायूंना प्राणवायू कमी पडत असतो. साध्या रक्तचाचणीने कळणाऱ्या कारणापायी तिची नोकरीची संधी हुकावी, हे आपणा सर्वांना विचार करावयास लावणारे आहे.

गुडघ्याचेही तसेच. वेगात वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे अशा हालचालींच्या खेळांत गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलांपेक्षा अधिक प्रमाणात होते. योग्य पूर्वव्यायामाने हा धोका कमी करता येतो, हे प्रामुख्याने फुटबॉलसारख्या खेळांतील अभ्यासांवरून दिसून आले आहे. खो-खोतील खांब, कबड्डीतील पकड आणि आपली टणक मैदाने यांचा विचार करणारे अभ्यास आपणच करावे लागतील. मुखेड तालुक्यातील होनवडजच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात देशाचा ध्वज वाहिला. दिव्यांग महिला खेळाडूंच्या गरजांचा अभ्यासही या कार्यात मागे राहता कामा नये.

हे कार्य कसे व्हावे? माझा प्रस्ताव नम्र आहे. जवळच्या शाळांतील खेळाडू मुलींची वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासणी करावी, पाळीची आणि दुखापतींची साधी नोंदवही ठेवावी, आहाराची विचारपूस व्हावी. मुलीची व पालकांची संमती घेतल्यावाचून एकही नोंद होऊ नये, आणि ती नोंद क्रीडाशिक्षकांच्या वा इतर कोणाच्या हाती पडू नये. नोंदींत दोष आढळल्यास उपचार प्रथम, संशोधन नंतर. पाच-सात वर्षांत अशा नोंदी साठल्या, तर नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्या साहाय्याने त्यांतून विश्वसनीय निष्कर्ष काढता येतील.

देणगीदारांना माझी विनंती आहे, की यंत्रसामग्रीसाठी आपण उदार हस्ते देताच. यापुढे नोंदी ठेवणाऱ्या परिचारिकेच्या वेतनासाठीही द्यावे. नोंदवहीवर दात्याच्या नावाची पाटी लागत नाही, पण तिचे मोल यंत्राहून उणे नाही. पालकांना सांगणे एवढेच, की मुलगी थकली, तिची पाळी चुकली वा गुडघा दुखावला, तर तिचा खेळ बंद करण्यापूर्वी तिला आमच्याकडे घेऊन या. आणि आम्हा डॉक्टरांनीही, उत्तर ठाऊक नाही म्हणून ‘खेळ सोडून दे’ असा सल्ला देण्याचा सोपा मार्ग पत्करू नये.