सरांचा गज
(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’ हा विषय दिला होता. तो आज बाजूला ठेवते. मला एक कबुली द्यायची आहे आणि ती ज्यांच्यापुढे द्यायची, ते आपले संगीताचे सर पहिल्याच रांगेत बसले आहेत.

सरांचं व्हायोलिन तुम्हाला आठवत असेल. रोजच्या प्रार्थनेला हार्मोनियम. व्हायोलिन निघायचं ते फक्त गॅदरिंगला. प्रभाकर जोगांच्या ‘गाणारं व्हायोलिन’बद्दल सर भरभरून बोलायचे आणि गज उचलून म्हणायचे, “हा श्वास आहे बरं का!” त्या गजावर इंग्रजीत ‘टूर्त’ असं नाव उमटवलेलं होतं. फ्रान्स्वा टूर्त (१७४७-१८३५) हा पॅरिसचा कारागीर. आजच्या गजाचा आकार त्याने पक्का केला. त्यामुळे सरांकडे दोनशे वर्षांचा खजिना आहे, अशी आम्हा मुलांची पक्की समजूत होती.

डिसेंबर १९९३. आम्ही नववीत. तालमीच्या मधल्या सुट्टीत मी तो गज गुपचूप उचलला, तो हातातून निसटला आणि टोकावर शहाबादी फरशीवर पडला. टोकाचा तुकडा केसांना लोंबकळत राहिला. मी तो हस्तकलेच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवला, पुसला आणि जागेवर ठेवून दिला. गॅदरिंगच्या दिवशी सरांनी मंचावर स्क्रू फिरवून केस ताणले आणि टोक उडालं. सर म्हणाले, “जुना झाला होता. मीच जास्त ताणला.” ते गाणं त्यांनी हार्मोनियमवर निभावलं. मी समूहगीताच्या दुसऱ्या रांगेत उभी होते. काही बोलले नाही.

मागच्या वर्षी इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून वर्तकनगरच्या घराची आवराआवर चालली होती. मी सरांना भेटायला गेले, तर काकू जुनं सामान बांधत होत्या. त्यात तो गज होता, टोकाचा तुकडा रुमालात गुंडाळलेला. काकू म्हणाल्या, “पहिल्या पगारातून जुन्या बाजारात घेतलेला. टाकवत नाही.” मी तो दुरुस्तीसाठी मागून घेतला. कारण मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

मुंबईत वाद्यदुरुस्ती करणाऱ्या एका वयस्क कारागिरांकडे गेले. त्यांनी आधी नाव वाचलंच नाही. एक डोळा मिटून काठी सरळ आहे का ते पाहिलं. मग डोक्याची घडण, मुठीकडचा घोडा, त्याच्या खालची खाच, स्क्रू असं एकेक पाहत शेवटी शिक्क्याकडे आले. म्हणाले, “टूर्त स्वतः सहसा शिक्का मारत नसे. हा जर्मनीतला, मार्कनॉयकिर्खेनकडचा, शंभरेक वर्षांपूर्वीचा. तिथे असे ढिगाने बनत आणि त्यांवर मोठी नावं उमटवत.” लाकूड ब्राझीलवूड. त्याच झाडाचं उत्तम, निवडक लाकूड म्हणजे पर्नांबुको. गंमत म्हणजे युरोपीय लोक आधी आशियातल्या रंगाच्या लाकडाला, म्हणजे आपल्या ‘पतंग’ला, ब्राझील म्हणत. तसंच लाल रंगाचं लाकूड तिकडे सापडलं आणि त्यावरून देशाचंच नाव ब्राझील पडलं.

मग त्यांनी भिंगातून मोड पाहिला आणि विचारलं, “हा पांढरा गोंद कुणी लावला?”

डोक्याजवळ लाकडाचे तंतू आखूड पडतात, म्हणून गज तिथेच मोडतो. मोड ताजा आणि स्वच्छ असेल तर दोन्ही बाजू नेमक्या बसतात. पण हा गोंद तंतूंत मुरतो आणि त्यावर नवा गोंद धरत नाही. तो काढताना थोडं लाकूडही जातं. ते म्हणाले, “मोडला त्याचं काही नाही. लपवला, त्याने काम वाढलं.”

मित्रहो, मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुणाची चूक झाली तर ती तासाभरात सापडते. कुणी गुपचूप ठिगळ लावून ठेवलं, तर शोधायला आठवडे जातात. माझ्या टीममधल्या मुलांना मी हेच बजावते. त्या दिवशी त्या दुकानात मला स्वतःचीच लाज वाटली.

दुरुस्तीला दोन महिने लागले. मोड साफ करून जोडला, डोक्याच्या मागून उभी खाच पाडून त्यात कठीण लाकडाची पातळ चीप बसवली. घोड्याच्या शेपटीचे दीडएकशे केस नव्याने भरले. टोक मोडलेल्या गजाला बाजारात फारशी किंमत येत नाही आणि याची तर मूळचीच बेताची. दुरुस्तीला त्याहून जास्त खर्च आला. कारागिरांनी हे आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, “करा.”

शिक्क्याचं मी काकूंना भीतभीत सांगितलं, तर त्या हसल्या. “त्यांना ठाऊक आहे. म्हणतात, नाव कुणाचं का असेना, सुरात बोलतो ना!”

सर, तो गज तुम्ही ताणला म्हणून मोडला नाही. माझ्या हातून पडला होता. तुम्ही बत्तीस वर्षं स्वतःला दोष दिलात आणि मी तो देऊ दिला. मला क्षमा करा. गज इथे आणला आहे. बेताने ताणा, आणि तुम्हीच शिकवल्याप्रमाणे, वाजवून झालं की सैल करून ठेवा.